मार्चमध्ये घट्ट बसलेलं लेबल जुलैत का सुटतं? बरणी, गोंद आणि फिनिशची तपासणी

संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारीपासून नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागतो आणि इथल्या घरगुती उद्योगांत स्क्वॉश-मार्मालेडची गडबड सुरू होते. बाटल्या भरल्या जातात, लेबलं लागतात, माल दुकानांत जातो. एप्रिल नीट जातो, मेही नीट जातो. मग पावसाने जोर धरला की दुकानदाराचा फोन येतो: ताई, लेबलाच्या कडा उभ्या राहिल्यात, माल बदलून द्या. पुढच्या वर्षी छापखाना बदलतो, कागद जाड घेतला जातो, वर महागडं मॅट लॅमिनेशन चढतं. आणि जुलैत पुन्हा तोच फोन.

लेबल छपाईच्या कामात मी सावजी मसालेवाल्यांपासून लोणची-सांडगे करणाऱ्या बचत गटांपर्यंत अनेकांना या चक्रात अडकलेलं पाहते. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा कागद बदलतो. कागद हा बहुतेक वेळा शेवटी बदलायचा असतो. त्याआधी बरणी, हवा, गोंद आणि वरचं फिनिश (म्हणजे लॅमिनेशन, व्हार्निश वगैरे) यांच्यापैकी कोणाचं कोणाशी पटत नाही ते शोधावं लागतं, आणि ते शोधायचा सगळ्यांत चांगला पुरावा आपण कचऱ्यात टाकतो. म्हणून पहिली विनंती: सुटलेलं लेबल फेकू नका. दुकानदाराकडून दोन-चार बरण्या जशाच्या तशा परत मागवा.

सुटलेलं लेबल काय सांगतं

स्टिकर लेबलात वरचं फिनिश, छापलेला कागद आणि गोंद असे थर असतात. मागचा सिलिकॉन लावलेला रिलीज पेपर आपण लावताना काढून टाकतो. बरणीवर लागल्यावर चौथा गडी येतो तो बरणीचा पृष्ठभाग. या चौघांमधला जो जोड सगळ्यांत कच्चा, तिथून लेबल सुटतं. कोणता जोड कच्चा हे पाहायला यंत्र लागत नाही. लेबलाचा अजून चिकटून असलेला भाग एका टोकाला धरा, उलटा मागे वळवा आणि हळूहळू सोला. मग बरणी आणि लेबलाची मागची बाजू उजेडात धरून बघा.

कागद फाटला आणि त्याचे तंतू बरणीवर राहिले, तर गोंद उत्तम काम करतोय. तरीही कडा उचलल्या जात असतील तर दोष ताणाचा आहे: कागद फुगतोय, लॅमिनेशन खेचतंय किंवा बरणीचा आकार लेबलाला मानवत नाही. सगळा गोंद लेबलाबरोबर स्वच्छ निघून आला आणि बरणी कोरी राहिली, तर गोंदाने बरणीला पकडलंच नव्हतं. तिथे तेल, ओल, धूळ किंवा प्लास्टिकची जात तपासा. गोंद दोन्हीकडे राहिला आणि सोलताना मध्ये तारा सुटल्या, तर गोंद आतून मऊ पडलाय; उष्णता किंवा तेल. आणि गोंदाचा अख्खा थर बरणीवर राहून कागदाची पाठ कोरडी निघाली, तर गोंद कागदालाच धरून नव्हता. हा एक प्रकार असा की ज्यासाठी छपाईवाल्याकडे हक्काने तक्रार करता येते. बाकीच्या तीन प्रकारांत त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही.

कुठून सुटतंय हेही पाहून ठेवा. उभ्या कडा उचलल्या गेल्या असतील तर बहुधा बरणीचा घेर लहान आणि कागद ताठ आहे. वरची-खालची कड सुटली असेल तर बरणीला निमुळतेपणा आहे किंवा लेबल बरणीच्या वळणावर चढलंय. मधोमध फुगे आणि सुरकुत्या असतील तर ओल. फक्त कोपरे उचलले असतील तर ते टोकदार कापलेत. टोकदार कोपऱ्याला हाताचा, खोक्याचा, शेजारच्या बरणीचा धक्का आधी लागतो. दोन-तीन मिलिमीटरची गोलाई दिली तरी हा त्रास बराच कमी होतो, आणि डाय (लेबल कापायचा साचा) बनवताना त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

बरणी स्वच्छ दिसते, असते का?

लोणचं भरताना काठावर तेल ओघळतं. ते पुसायला एक फडकं असतं. पहिल्या पाच बरण्या त्या फडक्याने खरोखर स्वच्छ होतात. पुढच्या सगळ्या बरण्यांवर ते फडकं तेलाचा पातळ थर सारवत जातं. डोळ्यांना दिसत नाही, गोंदाला मात्र लगेच कळतं. तपासायला सोपा उपाय आहे: लेबलाच्या जागी पाण्याचे थेंब टाका. धुतलेल्या काचेवर पाणी पसरतं, तेलकट काचेवर मणी होऊन उभं राहतं.

बरणी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि लेबलाची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कागदी रुमालाने पुसा. रुमाल दर काही बरण्यांनी बदला. हे अल्कोहोल पेट घेतं, म्हणून शेगडी चालू असलेल्या खोलीत हे काम नको.

नवीन काचेच्या बरणीचं एक वेगळंच दुखणं आहे. काच कारखान्यात बरण्या एकमेकींना घासून ओरखडू नयेत म्हणून थंड होताना त्यांच्यावर पॉलिथिलीनचा अगदी पातळ थर फवारतात. तो बरणीला गुळगुळीत करतो आणि गोंदाला घसरवतो. एका लॉटवर लेबल छान बसलं आणि पुढच्या लॉटवर नाही, तर नवा लॉट धुऊन एकदा लावून बघा.

प्लास्टिकमध्ये जात महत्त्वाची. बरणीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट: पारदर्शक, लेबलाला बऱ्यापैकी मानवणारं. २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पीपी: ही दोन्ही मेणचट, कमी पृष्ठऊर्जेची. पृष्ठऊर्जा म्हणजे पृष्ठभागाची गोंदाला धरून ठेवायची ओढ; ती डाइनमध्ये मोजतात. पेटची पृष्ठऊर्जा साधारण ४३ डाइन असते, पीपीची ३० च्या आसपास. काचेवर किंवा पेटवर चालणारा साधा गोंद पीपीच्या डब्यावर पहिल्या दिवशी चिकटतो आणि आठवड्याने सोडतो. कागद कितीही भारी घेतला तरी हे बदलत नाही. पीपी-एचडीपीईसाठी जास्त चिकट, त्या पृष्ठभागासाठीच बनवलेला गोंद मागावा लागतो.

सांडगे, कुरड्या, पापड यांच्या पॉलिथिनच्या पाकिटांवर तर घसरणीचा आणखी एक प्रकार होतो. पाकिटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्लास्टिकमध्ये घसरणीचं द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते महिनाभर हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. म्हणून पाकिटावरचं लेबल लावल्या दिवशी नीट आणि महिन्याने सुटं. शिवाय पाकीट वाकतं, कागद वाकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पाकिटावर मोठं कागदी लेबल लावूच नये. पाकीटच छापून घ्यावं, आणि तेवढी संख्या नसेल तर लहान लेबल मऊ बीओपीपी फिल्मचं (कागदाऐवजी प्लास्टिकचं) घ्यावं किंवा तोंडावर घडी घालून पिन मारायचं पुठ्ठ्याचं हेडर कार्ड करावं. बचत गटांना हेडर कार्ड सगळ्यांत स्वस्त पडतं आणि त्याला गोंदच लागत नाही.

नागपूरची हवा, आणि कुलर

आता मूळ प्रश्नाकडे येते, मार्च ते जुलै.

कागद म्हणजे दाबून बसवलेले लाकडाचे तंतू. हवेत ओल वाढली की ते फुगतात, हवा कोरडी पडली की आकसतात. मुख्य म्हणजे ते लांबीपेक्षा जाडीच्या दिशेने कितीतरी जास्त फुगतात. कागद बनताना बहुतेक तंतू एका दिशेला झोपतात, त्या दिशेला ग्रेन म्हणतात. कागदाची वाढ ग्रेनच्या आडव्या दिशेला होते. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. समुद्रकाठच्या गावांत हवा वर्षभर दमट असते, तिथे कागदाला एवढा झोका बसत नाही. मुंबईत चालणारं लेबल नागपुरात का चालत नाही, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

आता लॅमिनेशन केलेलं लेबल डोळ्यांपुढे आणा. वर प्लास्टिकची फिल्म, तिला ओलीशी काही देणंघेणं नाही. खाली कागद, तो ओलीबरोबर बदलतो. मे महिन्यात कागद आकसतो, फिल्म तशीच राहते, त्यामुळे लेबल गोंदाच्या बाजूला आत वळतं आणि कडा बरणीला जास्तच घट्ट बसतात. जुलैत कागद फुगतो, फिल्म फुगत नाही, म्हणून वळण उलट होतं आणि कडा बाहेर उघडतात. उन्हाळ्यात घट्ट बसलेली तीच कड पावसाळ्यात उभी राहते. एकदा उघडली की तिच्यावर धूळ बसते आणि ती परत दाबून चिकटत नाही. अशा वेळी लॅमिनेशन आणखी जाड केलं तर खेच आणखी वाढते. मॅट लॅमिनेशनने जुलैचा फोन थांबला नाही, याचं कारण इथे आहे.

लोक म्हणतात, लॅमिनेशन केलंय म्हणजे पाणी आत जाणारच नाही. वरून जात नाही, हे खरं. पण लेबल कापल्यावर त्याच्या चारही कडांना कागद उघडा असतो आणि ओल तिथून वातीसारखी चढते. फ्रिजमधून काढलेल्या स्क्वॉशच्या बाटलीला घाम फुटतो तेव्हा लेबलाच्या कडेला आधी गडद पट्टा दिसतो, तो हाच.

यात नागपूरचा खास कुलर येतो, आणि त्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. मे महिन्यात पॅकिंगच्या खोलीत खिडकीला कुलर लावलेला असतो. तो हवा थंड करतो ती पाणी उडवूनच. खोलीतली हवा ओली होते. लेबलाच्या शीट टेबलावर त्या झोतात पडलेल्या असतात, कागद फुगलेला असतो, बरणीवर ओलीचा अदृश्य थर असतो. लेबल लागतं आणि बरणी बाहेर ४५ अंशांच्या कोरड्या हवेत जाते. कागद आकसतो, लेबल गोल गुंडाळलेलं असेल तर दोन टोकं एकमेकांवर चढलेली जागा ताणली जाते आणि तिथून जोड उकलतो. उन्हाळ्यातच कडा सुटत असतील तर कुलरवर आधी संशय घ्या. लेबलाच्या शीट पिशवीत बंद ठेवा, लागतील तेवढ्याच काढा, लेबल लावायचं टेबल झोताच्या बाहेर हलवा. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी बरण्या लेबल लावण्याआधी त्याच खोलीत काही तास ठेवाव्यात, म्हणजे बरणी, लेबल आणि हवा एका तापमानाला येतात.

थंडीत उलटा त्रास. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट १० अंशांच्या आसपास किंवा खाली जाते. गार गोंद कडक असतो, बरणीवर पसरत नाही. बऱ्याच गोंदांसाठी लावतानाचं किमान तापमान ५ ते १० अंश दिलेलं असतं आणि बरणी त्याहून गार असेल तर पकड कच्ची राहते. थंडीत लेबल लावण्याचं काम उन्हं वर आल्यावर करा.

भरतानाचं तापमानही लक्षात घ्या. मार्मालेड ८५ अंशांच्या आसपास गरम भरतात. गरम बरणीवर लेबल लावलं तर गोंद पातळ होऊन सरकतो. गार होण्यासाठी पाण्यात ठेवलेली बरणी नीट न पुसता लावलं तर ओल अडकते. गार झालेली आणि पूर्ण कोरडी, या दोन्ही गोष्टी हव्यात.

गोंद विचारा

छपाईवाल्याकडे गेलं की कागदाचे नमुने दाखवतात: चमकदार क्रोमो, बिनचमकीचा मॅपलिथो, आरशासारखा मिररकोट, हल्ली खरखरीत पोताचा टेक्सचर्ड. गोंदाचा नमुना कोणी दाखवत नाही आणि आपण विचारत नाही. विचारा. ढोबळमानाने दोन जाती आहेत. हॉटमेल्ट हा रबरी गोंद, लावताच घट्ट धरतो, खडबडीत आणि मेणचट पृष्ठभागावरही. पण उष्णतेत मऊ पडतो, तेलाने विरघळतो आणि उन्हात पिवळा होतो. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक गोंद सुरुवातीला कमी चिकट वाटतो, मात्र २४ ते ७२ तासांत पकड वाढवत जातो आणि उष्णता, ऊन, म्हातारपण यांना जास्त टिकतो.

म्हणून बोटाला लावून कोणता जास्त चिकटतो यावरून निवड केली तर हॉटमेल्टच जिंकणार, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोत, जिथे आतलं तापमान ६० अंशांच्या घरात जातं, तोच गोंद लेबलाला बरणीवरून खाली सरकवणार. सोलून बघितल्यावर मधे तारा दिसल्या असतील तर हे घडलंय. काच आणि पेटच्या बरण्यांसाठी नागपुरात मी ॲक्रिलिकच सुचवते. लावल्यावर बरण्या एक दिवस हलवू नयेत आणि चिकटलंय की नाही हे दुसऱ्या दिवशी पाहावं. लावल्या लावल्या सोलून बघून गोंद नापास करू नये.

दाबणंही महत्त्वाचं. हा गोंद दाबाने पसरतो. मधून बाहेर, कडेपर्यंत, कापडाने किंवा रबरी रोलरने दाबा. तळहाताने थापटलं की मधला भाग बसतो आणि कडा तशाच राहतात.

अजूनही काही जण साध्या कागदावर छापून पांढऱ्या गोंदाने चिकटवतात. काचेवर साध्या कागदाला हे चालतं, कारण गोंदातलं पाणी कागदातून उडून जातं. लॅमिनेट केलेल्या कागदाला हे करू नका. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला फिल्म. पाण्याला वाट नाही. गोंद दिवसेंदिवस ओला राहतो, लेबल सरकतं आणि पावसाळ्यात खाली बुरशीचे ठिपके येतात.

फिनिश: कशासाठी आणि कशासाठी नाही

फिनिशचं काम दोन प्रकारचं: दिसणं आणि टिकणं. नागपुरात दुसरं काम आधी पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

तेलाचा माल, म्हणजे लोणचं, ठेचा, सावजी मसाल्याची तेलकट पेस्ट, यांना कोऱ्या मॅपलिथो किंवा टेक्सचर्ड कागदाचं लेबल नको. तो कागद सुंदर दिसतो, हातमागाच्या कापडासारखा पोत असतो, पण तेलाचा एक डाग पडला की तिथे पारदर्शक होतो आणि कधीच पूर्ववत होत नाही. कोरड्या मालाला, हळद-तिखटाच्या किंवा जवसाच्या चटणीच्या बरणीला, तोच कागद शोभतो. त्यावर पाण्यावरच्या व्हार्निशचा एक हात पुरतो. फ्रिजमध्ये जाणाऱ्या किंवा घाम फुटणाऱ्या बाटलीला सरळ बीओपीपी फिल्म घ्या. ती ओलीने फुगत नाही, त्यामुळे जुलैचा प्रश्न मुळातूनच उरत नाही. कागदाचाच स्पर्श हवा असेल तर ओलीत न विरघळणारा वेट-स्ट्रेंग्थ कागद असतो, पण तो महाग पडतो आणि छोट्या संख्येला छपाईवाले ठेवत नाहीत.

लॅमिनेशनऐवजी व्हार्निश हा पर्याय मला कागदी लेबलासाठी जास्त पटतो. व्हार्निशचा थर लॅमिनेशनच्या फिल्मइतका जाड आणि ताठ नसतो, त्यामुळे खेच कमी आणि कडा कमी उचलतात. घासण्यापासून संरक्षण थोडं कमी मिळतं, एवढंच. मॅट लॅमिनेशनवर बोटांचे ठसे आणि खोक्यात घासल्याचे पांढुरके ओरखडे लगेच उमटतात. गडद रंगाच्या लेबलावर तर फारच. ज्यांचा माल खोक्यातून दूर जातो त्यांनी गडद मॅट टाळावं.

एक गैरसमज इथेच दूर करते. यूव्ही कोटिंग केलं म्हणजे उन्हात रंग उडणार नाही, असं समजलं जातं. यूव्ही कोटिंग हे नाव ते वाळवण्याच्या पद्धतीवरून आलंय: अतिनील प्रकाशाखाली ते क्षणात घट्ट होतं. उन्हापासून ते शाईला वाचवत नाही. छपाईच्या चार रंगांत (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) पिवळा आणि किरमिजी आधी उडतात. म्हणून दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेल्या संत्र्याच्या स्क्वॉशचं लेबल काही महिन्यांत निळसर पडतं. त्यावर उपाय जास्त प्रकाशरोधी शाई, नाहीतर ऊन अडवणारी लॅमिनेशन फिल्म. दोन्ही वेगळ्या मागाव्या लागतात.

स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच दिलेली यूव्ही चमक) आणि सोनेरी फॉइलला माझी हरकत नाही, पण बारकोडवर आणि बारीक मजकुरावर ते येऊ देऊ नका. चमकणाऱ्या पट्ट्यांवर स्कॅनरचा प्रकाश परावर्तित होतो आणि कोड वाचला जात नाही. अरुंद बाटलीवर बारकोड आडवा फिरवून, पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतील असा लावावा, म्हणजे बाटलीच्या वळणाने तो तुटत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा होणारी अडचण मात्र तारखेची आहे. लॅमिनेशन किंवा यूव्ही कोटिंगवर रबरी शिक्क्याची शाई शोषली जात नाही, तशीच वर बसते आणि अंगठ्याने पुसली जाते. उत्पादनाची तारीख, बॅच नंबर, किंमत हे सगळं गेलं तर नुसतं लेबल बिघडत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) नियम, २०२० सांगतात की लेबलावरचा मजकूर स्पष्ट, ठळक, पुसला न जाणारा आणि सहज वाचता येणारा हवा, आणि लेबल डब्यापासून वेगळं होणार नाही अशा रीतीने लावलेलं हवं. म्हणजे सुटलेली कड आणि पुसलेली तारीख या दोन्ही गोष्टी नियमात बसत नाहीत. उपाय साधा आहे: छपाईवाल्याला व्हार्निश लावताना तारखेसाठी एक पट्टी कोरी सोडायला सांगा. व्हार्निशमध्ये हे सहज होतं. पूर्ण लॅमिनेशनमध्ये होत नाही, तिथे रेझिन रिबनने (शाईच्या पक्क्या फितीने) छापणारा प्रिंटर किंवा सॉल्व्हंट शाईचा कोडर (तारीख छापायचं यंत्र) लागतो.

काळं पडलेलं किंवा कोरं झालेलं लेबल

हा वेगळाच प्रश्न, पण फोन त्याचेही येतात. वजन-किंमतीचं छोटं लेबल मशीनमधून रिबनशिवाय निघत असेल तर ते डायरेक्ट थर्मल, म्हणजे शाईशिवाय नुसत्या उष्णतेने छापलेलं आहे. त्या कागदात उष्णतेने काळं पडणारं रसायन असतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ते अख्खं करडं होतं, आणि तेल लागलं तर उलट छापलेला मजकूर उडतो. दुकानातल्या दोन दिवसांच्या मिठाईला ते ठीक. महिनोन्महिने टिकायच्या लोणच्या-मसाल्याला रिबनवालं थर्मल ट्रान्सफर घ्या: कागदावर वॅक्स-रेझिन रिबन, बीओपीपीवर रेझिन.

आकार

निमुळत्या बरणीवर सरळ आयत लावला की वर किंवा खाली सुरकुती येणारच. डाय बनवण्याआधी बरणीवर कागद गुंडाळून, बरणीच्या कडेप्रमाणे पेन्सिलने रेघ मारून तो उलगडा. रेघ वाकडी आली तर लेबल कमानदार कापावं लागेल. मटक्यासारख्या, दोन्ही दिशांनी गोल बरणीवर कागद बसत नाही. तिथे लहान गोल लेबल किंवा दोरीला बांधलेला टॅग करावा. लेबलाची उंची बरणीच्या सपाट पट्ट्यापेक्षा वर-खाली दोन-दोन मिलिमीटर कमी ठेवा.

अरुंद बाटल्यांसाठी ग्रेन बघा. कागद ग्रेनला समांतर रेषेवर सहज वाकतो, म्हणून स्टिकर लेबलात ग्रेन बाटलीच्या उंचीच्या दिशेने हवा. कळायला सोपं आहे: कागद फाडून बघा, ज्या दिशेला सरळ फाटतो ती ग्रेन.

छापण्याआधी

पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदाची, त्याच गोंदाची, त्याच फिनिशची थोडी लेबलं मागा. कोरी असली तरी चालतील. तुमच्याच भरलेल्या बरण्यांवर लावून एक दिवस ठेवा. मग एक बरणी गच्चीवर उन्हात, एक बंद गाडीत, एक रात्रभर फ्रिजमध्ये आणि सकाळी बाहेर, एक बाथरूममध्ये गरम पाण्याच्या वाफेत आठवडाभर. एकीच्या काठावर मुद्दाम तेल सांडून पुसा. वाफेतल्या बरणीवर तुम्हाला जुलै मार्चमध्येच बघायला मिळतो.

ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या: बरणी कशाची, घेर किती, आत काय आहे, तेल किंवा घाम आहे का, फ्रिजमध्ये जाते का, किती महिने टिकायला हवं, तारीख कुठे आणि कशाने छापणार. एक भरलेली बरणी सोबत न्या. चांगला छपाईवाला यावरून गोंद स्वतः सुचवतो. न सुचवता फक्त कागद आणि चमक विचारत असेल तर दुसरीकडेही विचारून पाहा.

आलेली लेबलं २० ते २५ अंशांच्या आसपास, ओल आणि शेगडीपासून दूर, सपाट ठेवा. पत्र्याखाली ठेवलेल्या रोलच्या कडेने मे महिन्यात गोंद बाहेर झिरपतो आणि त्यावर धूळ बसते. एक वर्षाहून जास्त पुरेल एवढा साठा करू नका, मोठ्या संख्येला दर कमी पडत असला तरीही.

दुकानात गेलेल्या मालाचं काय?

कड उचललेल्या लेबलावर पारदर्शक टेप मारू नका. टेपखाली ओल अडकते आणि काही आठवड्यांत लेबल टेपसकट निघतं. माल परत आणा. हेअर ड्रायरने लेबल थोडं गरम केलं की गोंद मऊ होतो आणि लेबल सोलून निघतं. रबरी गोंदाचे उरलेले अवशेष खायच्या तेलाने चोळले की सुटतात; ॲक्रिलिकचे अल्कोहोलने. त्यानंतर साबणाने धुवा, वाळवा, अल्कोहोलने पुसा. तेलाने साफ केलेली बरणी तशीच ठेवली तर नवं लेबलही त्याच वाटेने जाईल.

नवीन लेबलावर जुन्याच बॅचचा नंबर आणि जुनीच तारीख हवी. चुकलेल्या माहितीवर छोटं स्टिकर चिकटवून दुरुस्ती करू नका. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापन नियम छापील माहिती बदलण्यासाठी असं स्टिकर लावू देत नाहीत. किंमत कमी केली असेल तरच नव्या किमतीचं स्टिकर चालतं, तेही मूळ किंमत झाकली न जाता. लेबल बदलायचं तर पूर्ण बदला, आणि किती बरण्यांची बदलली ते त्या बॅचच्या नोंदीत लिहून ठेवा.